गावच्या विहिरींची वही पोरांच्या हाती देताना

मी माण तालुक्यातल्या एका हायस्कुलात भूगोल शिकवते. आमच्याकडे गावात काहीही कार्यक्रम असला की पोरांना बोलावतात, ते सतरंज्या घालायला, पाहुण्यांना पाणी द्यायला, स्वागतगीत म्हणायला. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला यातून गाव आपलं वाटेल, असं मला वाटत नाही. गावाला ज्याची गरज आहे आणि जे दुसरं कुणी करत नाही, असं काम त्याच्याकडे हवं. आमच्या दुष्काळी भागात ते काम म्हणजे विहिरींचं पाणी मोजणं. तुमच्या गावात सुरू करायचं असेल तर कसं करावं, ते सांगते.

आधी विहिरी निवडा. प्रत्येक वस्तीवर एखादी, मालकाची परवानगी घेऊन. मालक विचारतात, "मोजून काय करणार? पाणीपट्टी बसवणार काय?" त्यांच्याकडे शिक्षकाने स्वतः जावं, मुलांना पुढे करू नये. पक्का कठडा नाही ती विहीर यादीत घ्यायचीच नाही, मालक कितीही आग्रह करो. मोजताना घरचं एक मोठं माणूस शेजारी उभं असलंच पाहिजे.

सामान थोडंच लागतं: तीस मीटरचा टेप, त्याच्या टोकाला बांधायला वजन आणि एक जाड वही. कठड्यावरून पाण्यापर्यंतचं अंतर घ्यायचं आणि त्यातून कठड्याची जमिनीपासूनची उंची वजा करायची. मोटर सुरू होण्याआधी मोजलं पाहिजे, नाहीतर उपसलेल्या विहिरीचा आकडा मिळतो. रात्रपाळीची वीज असेल तर पहाटे मोजूनही उपयोग नाही. लाइटचं वेळापत्रक बघून वेळ ठरवा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. ते महिने तर धराच, पण मुलांनी दर पंधरवड्याला मोजलेलं बरं. मधे फार खंड पडला की गोडी जाते.

मुलींबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण खरी अडचण इथेच येते. पहिल्या बैठकीला मुली येतात, नंतर गळतात. घरी पाणी भरायचं असतं, धाकटं भावंड सांभाळायचं असतं, शिवाय "एकटी रानात कुठं जातीस?" हा प्रश्न असतोच. म्हणून मुलीला तिच्याच वस्तीवरची विहीर द्या, सोबत तिथलीच मैत्रीण द्या आणि आधी तिच्या आईशी बोला. वडिलांच्या होकारापेक्षा आईचा होकार टिकतो, हा माझा अनुभव आहे. एक आई तर मुलीबरोबर स्वतः टेप धरायला येऊ लागली. विहिरीला कुठल्या बाजूने झरा आहे, हे आमच्यात सगळ्यात आधी तिनेच सांगितलं.

दहावीला अडकलेली, दिवसभर पारावर बसणारी मुलंही घ्या. त्यांतला एखादा मोटर काढणाऱ्यांच्या हाताखाली काम केलेला असतो. कुठल्या विहिरीचा कातळ किती फुटांवर लागला, हे त्याला तोंडपाठ असतं. आठवीच्या मुलांना शिकवायचं काम त्याला द्या.

पाऊस संपला की गणित मांडा. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. समजा शिवार ८०० हेक्टर आणि पाऊस ४०० मिलिमीटर. म्हणजे ३२० कोटी लिटर पाणी पडलं. गावची वस्ती दोन हजार, माणशी रोज ५५ लिटर धरलं तर वर्षाला लागतात साधारण ४ कोटी. फळ्यावर हे दोन आकडे शेजारी लिहा आणि गप्प बसा. "मग मॅडम, टँकर का येतो?" हा प्रश्न मुलांकडूनच यायला हवा. वाहून किती जातं, उन्हाने किती उडतं, आपल्या काळ्या कातळात मुरतं किती थोडं, हे तेव्हा सांगा. नंतर पिकांकडे वळा. एक हेक्टर उसाला साधारण २ कोटी लिटर लागतं, म्हणजे पाच एकर ऊस आणि अख्ख्या गावाचं वर्षाचं घरगुती पाणी जवळपास सारखंच! अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातलं हिवरे बाजार पावसाळ्यानंतर पाण्याचा असाच ताळेबंद मांडून पिकं ठरवतं, हेही सांगा.

हे आकडे ग्रामसभेत गेलेच पाहिजेत. अठरा वर्षांखालच्यांना तिथे मत नसतं, म्हणून मुलांना बोलू देण्याबद्दल सरपंचांना आधीच विचारून ठेवा. सभेची नोटीस किमान सात दिवस आधी निघते. त्याच्या बऱ्याच आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे) अर्ज देऊन विषय पत्रिकेवर घ्यायला लावा. 'आयत्या वेळचे विषय' यात टाकला तर लोक उठून जायला लागल्यावर मुलांची पाळी येते. मुलांना भाषण लिहून देऊ नका. वहीतले आकडे वाचून दाखवावेत आणि एकच प्रश्न विचारावा, उदाहरणार्थ, "उन्हाळ्यात पिण्याच्या विहिरीजवळचा उपसा कधी थांबवणार?" उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या आणि पुढच्या सभेत त्याच मुलांना त्याबद्दल विचारू द्या. कुणी म्हणेल, "पोरांना काय कळतंय?" तेव्हा मध्ये पडायची घाई करू नका. वही मुलांकडे आहे, त्यांना बोलू द्या.

बारावीनंतर मुलं साताऱ्याला, पुण्याला जातात. म्हणून प्रत्येक विहिरीवर एक मोठा आणि एक आठवी-नववीचा अशी जोडी ठेवा. मेचं मोजमाप दोघांनी एकत्र करावं आणि जूनमध्ये वही धाकट्याच्या नावावर व्हावी.