थंडीची घरकामं दरवर्षी अंगावर येतात? मग या चुका टाळा

पुण्यात थंडी पडते ती अशी अचानकच, म्हणजे काल रात्री पंखा दोनवर होता आणि आज सकाळी बातम्यांत सांगतात पारा १० अंशांवर आला, आणि मग त्याच दिवशी घरात सगळ्यांना सगळं आठवतं. रजया माळ्यावर आहेत, गिझर पाणी गरम करत नाहीये, पोरांचे स्वेटर आखूड झालेत, खोबरेल तेल गोठलंय. आणि हे सगळं निस्तरायला घरातली एकच बाई. आम्ही धायरीत राहतो, घरात सहा माणसं, सासूबाई सत्तरीच्या पुढे, आणि कितीतरी वर्षं मी हीच चूक करत आले की थंडी पडली की बघू. थंडीची निम्मी कामं थंडी पडायच्या आधी, कडक ऊन असतानाच उरकायची असतात, हे मला फार उशिरा कळलं.

आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगते, बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल पण हे वाचा. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर थंडीत आपण सगळे एक घातक चूक करतो, गार वारा नको म्हणून खिडकी लावून घेतो, काहीजण तर झरोक्याला पुठ्ठा लावतात. गॅस बंद खोलीत जळत राहिला की आतला ऑक्सिजन कमी होत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणसाला आधी नुसतं डोकं जड वाटतं, गरगरतं, मळमळतं आणि कडी उघडायच्या आत तो खाली पडलेला असतो. माझा पुतण्या असाच पडला होता, पडल्याचा आवाज आला म्हणून आम्ही दार तोडलं, पोरगा वाचला. त्या दिवसानंतर आमच्या घरात गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर ड्राय बाल्कनीत आहे. तुमच्याकडे लगेच हलवता येत नसेल तर निदान एवढं करा, दार-खिडकी उघडी ठेवून बादल्या भरून घ्या, गिझर बंद करा, मगच आंघोळीला जा. ज्योत निळी हवी, पिवळी दिसायला लागली तर वापरणं थांबवून माणूस बोलवा. कोणी आत पडलंच तर आधी दारं-खिडक्या उघडून त्याला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि १०८ ला फोन लावा. आणि हो, बाळंतिणीला शेक द्यायला खोली बंद करून कोळशाची शेगडी ठेवतात ना, तिथेही अगदी हाच धोका आहे, वडीलधाऱ्यांना नीट समजावून सांगा.

इलेक्ट्रिक गिझरची गोष्ट वेगळी. बोअरचं किंवा टँकरचं पाणी येणाऱ्या सोसायट्यांत कॉइलवर क्षारांचा थर बसतो, मग पाणी तापायला दुप्पट वेळ लागतो, आतून कडकड आवाज येतो, आणि आपण काय करतो तर टेंपरेचर वाढवत बसतो. त्याने बिल वाढतं, थर आणखी वाढतो. डिस्केलिंग करून घ्या, तेही ऑक्टोबरात, कारण डिसेंबरात मेकॅनिक चार-चार दिवस मिळत नाही. गिझर लावला की मेन ट्रिप होत असेल तर परत परत बटण वर करून बघू नका, बहुतेक वेळा कॉइल गेलेली असते आणि करंट पाण्यात उतरू शकतो. सोलर असेल तर पावसाळ्यानंतर ट्यूबवर बसलेली धूळ धुवून घ्या, आपल्याकडे सगळीकडे बांधकामं चालू, थर बसतोच. आणि सोलरचं गरम पाणी येईपर्यंत जे गार पाणी सोडून देतो ते बादलीत धरा, फरशी पुसायला नाहीतर झाडांना होतं.

आता अंथरुणं. गोधडी धुवायची ती ऑक्टोबर हीटमध्ये, म्हणजे सकाळी वाळत घातली की संध्याकाळी घडी. डिसेंबरात सूर्य दुपारी बारालासुद्धा डोक्यावर येत नाही, दक्षिणेकडे कललेला असतो, आणि सहाला अंधार. तेव्हा उत्तरेकडच्या गॅलरीत गोधडी दोन दिवस ओलीच राहते आणि मग तिला जो कुबट वास लागतो तो पुन्हा धुतल्याशिवाय जात नाही. दक्षिणेची गॅलरी किंवा गच्ची असेल तिथेच घाला. जुन्या नऊवारीची जाड गोधडी मशीनमध्ये कोंबू नका, ती इतकं पाणी पिते की स्पिनला मशीन घरभर नाचायला लागतं, बादलीत भिजवून पायाने तुडवून धुतलेली बरी, पोरं आवडीने तुडवतात. रजयांना धुणं नको, दोन दिवस कडक ऊन दाखवून झटकल्या की पुरे. आणि डांबरगोळ्यांच्या वासाचे कपडे तान्ह्या बाळाला तसेच घालू नका, काही बाळांना त्याचा गंभीर त्रास होतो. आधी धुवा, उन्हात घाला.

कामं राहून जातात याचं खरं कारण मला विचाराल तर आळस नाहीये, आपण रविवार मोजतच नाही. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत नऊ-दहा रविवार मिळतात, फार तर बारा, त्यातले तीन-चार लग्नांत, एक शाळेच्या गॅदरिंगमध्ये, एक हुरड्याला, नाताळच्या सुट्टीत पाहुणे, मग राहिलं काय हातात? म्हणून आम्ही दिवाळीच्या दुसऱ्याच आठवड्यात कालनिर्णयवर पेनने लिहितो, कोणत्या रविवारी काय आणि समोर कोणाचं नाव. नाव लिहायचंच, नुसतं काम लिहिलं की ते आपोआप आईचं होतं. नवऱ्याकडे गिझर आणि माळा, पोरांकडे स्वेटर घालून बघणं आणि आखूड झालेले बाजूला काढणं, सासूबाईंकडे डिंक निवडणं. त्यांना बसून करायचं काम दिलं की त्याही खूष असतात, आणि खरंच त्यांच्याइतकं बारीक कोणी निवडत नाही.

डिंकाच्या लाडवात दोन चुका नेहमी होतात. डिंक उन्हात न घालता तळायला घेतात आणि एकदम मूठभर तुपात टाकतात, मग तो बाहेरून फुलतो आणि आत कच्चा राहून दाताला चिकटतो. थोडा थोडा, मध्यम आचेवर, एक खडा फोडून बघायचा. मेथीचं पीठ तुपात चार-पाच दिवस आधी भिजवून ठेवा, कडवटपणा बराच उतरतो, म्हणजे हेही आदल्या रविवारी लिहायला हवं. मटार जानेवारीत स्वस्त होतो, मंडईतून किंवा मार्केट यार्डातून पाच किलो आणायचा, पण सोलायला घरातले सगळे असतील त्याच दिवशी. दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच बर्फाच्या पाण्यात, आणि मग कापडावर पूर्ण कोरडा करूनच फ्रीजरमध्ये. ओला भरला की त्याची वीट होते. इडलीचं पीठ आंबत नसेल, दही लागत नसेल तर काही बिघडलेलं नाही, ऊब कमी पडतेय, भांडं रजईत गुंडाळा किंवा बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा.

अजून एक, कामाच्या मावशींचा हात सकाळी सातला बर्फासारख्या पाण्यात असतो. भांड्यांसाठी एक बादली गरम पाणी रोज काढून ठेवा, आपल्या आंघोळीच्या आधी. आणि भोगी-संक्रांतीला त्या गावी जाणारच, त्यांनाही सण असतो, तेव्हा त्यांची सुट्टी आधी विचारून कॅलेंडरवर टाका आणि त्या आठवड्यात दुसरं मोठं काम काढू नका. तीळ, गूळ, वाणाची खरेदी त्याआधीच उरका, तुळशीबागेत शेवटच्या दोन दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. गूळ घेताना सांगून घ्या, चिक्कीचा गूळ गुळपोळीला वापरला की पोळी कडक होते.

रथसप्तमीनंतर ऊन चढायला लागतं, तेव्हा स्वेटर घाईने तसेच कोंबू नका, घामाच्या, खाण्याच्या डागांवरच कसर लागते. धुवून, खडखडीत वाळवून मग पिशवीत, आणि पिशवीवर कोणाचे आणि कोणत्या मापाचे ते लिहून. आखूड झालेले तेव्हाच कोणाला तरी देऊन टाका, फेब्रुवारीतही पहाटे रस्त्यावर बिनस्वेटरची पोरं दिसतात.