चांदी काळी पडली? आधी ती रांगोळी बाजूला ठेवा

पैंजण काळे पडले की घरात तीन गोष्टी ठरलेल्या. सासूबाई म्हणतात, "अंगात उष्णता आहे." शेजारीण म्हणते, "सोनाराने फसवलं." आणि कोणीतरी रांगोळी घेऊन घासायला बसतं. पहिल्या दोघी चुकतात, पण दागिन्याचं वाटोळं तिसऱ्याच्या हातून होतं.

काळेपणा म्हणजे गंधकाची करामत. हवेत, घामात, कांद्या-अंड्यांत असलेला गंधक चांदीला धरतो आणि वर सल्फाइडचा पातळ थर बसतो. चोख चांदीसुद्धा यातून सुटत नाही, त्यामुळे काळी पडली म्हणून खोटी, हा निकाल चुकीचा. दापोली तालुक्यात उन्हवऱ्याला गरम पाण्याच्या कुंडात उतरताना अंगठ्या-जोडवी काढून ठेवा. त्या पाण्यात गंधक आहे, चांदी बघता बघता काळवंडते.

आता घासण्याबद्दल. रांगोळी म्हणजे दगडाचा भुगा. टूथपेस्टमध्येही दात घासायला खरखरीत कण असतातच. चांदी मऊ धातू. दर दिवाळीला असं घासलं की बारीक रवे, पानाफुलांची कोर झिजते. माझ्या आईच्या मासोळ्यांवरचे खवले आता बोटाला लागतात, डोळ्याला दिसत नाहीत. तांब्या-पितळेची भांडी घासायची पावडरही चांदीला नको.

इंटरनेटवरचा अॅल्युमिनियम फॉइल, खायचा सोडा आणि गरम पाण्याचा उपाय खोटा नाही. सल्फाइडमधला गंधक अॅल्युमिनियमकडे जातो, सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि चांदी उजळते. साध्या साखळीला, वाटी-चमच्याला चालेल. पण मी तो नक्षीच्या पैंजणांवर केला. पाच मिनिटांत पैंजण पांढरेफटक, जणू पत्र्याचे. नक्षीच्या खाचांतला काळा रंग मळ नव्हता, कारागिराने मुद्दाम दिलेला होता. ज्याला आपण 'ऑक्सिडाइज्ड' म्हणतो तो थरही बहुतेक वेळा सल्फाइडचाच असतो. सोड्याला मळ आणि कला यांतला फरक कळत नाही. पुन्हा काळं करून मिळतं, पण त्यासाठी कारागीर गाठावा लागतो. मोती, पोवळं किंवा चिकटवलेले खडे असतील तर हा प्रयोग अजिबात नको.

मग करायचं काय? रिठ्याचं किंवा सौम्य साबणाचं कोमट पाणी, मऊ ब्रश, अलगद हात. नंतर स्वच्छ पाण्यातून काढून सुती कापडाने टिपायचं. पैंजणाच्या कड्यांत आणि घुंगरांत पाणी अडकतं, म्हणून रात्रभर कापडावर पसरून ठेवायचं. जुने पोकळ तोडे मात्र पाण्यात बुडवू नका. आत लाख भरलेली असते, गरम पाण्याने ती मऊ होते. ओलसर कापडाने पुसा, पुरे.

ठेवताना रबरबँड गुंडाळणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक. रबरात गंधक असतो, जिथे रबर टेकतं तिथे नेमकी काळी रेघ उठते. प्रत्येक जोड वेगळ्या झिप पिशवीत, सोबत खडूचा तुकडा. आणि खरं सांगायचं तर रोज वापरातली चांदी कपाटातल्या चांदीपेक्षा उजळ राहते.

निम्म्या तक्रारींचं मूळ खरेदीत असतं. कोल्हापूर जिल्ह्यातलं हुपरी हे चांदीकामाचं गाव. पैंजण घेताना तिथल्या व्यवहारातला 'टंच' हा शब्द लक्षात ठेवा. ८० टंच म्हणजे शंभरात ८० भाग चांदी, बाकी भेसळीचा धातू, मुख्यतः तांबं. ती भेसळ म्हणजे लबाडी नव्हे. चोख चांदीची कडी पायात टिकणारच नाही. हाताने जोडलेल्या पैंजणात असंख्य ठिकाणी झाळ, म्हणजे कड्या सांधायला वितळवलेला धातू, असते आणि झाळेत चांदी कमी, म्हणून तयार दागिन्याचा टंच मूळ तारेपेक्षा खाली येतो. लबाडी होते ती ८० टंचाचा माल ९२५च्या, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदीच्या, भावात विकला की. नुसता '९२५' ठसा म्हणजे हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेची अधिकृत खूण, नव्हे. १ सप्टेंबर २०२५पासून चांदीसाठीही एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याच्या वेगळ्या ओळख क्रमांकाचं हॉलमार्किंग सुरू झालं, तेव्हा ते ऐच्छिक होतं. क्रमांक असेल तर भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अॅपवर तपासता येतो. नसेल तर बिलावर वजन, टंच आणि घडणावळ वेगवेगळी लिहून मागा. मोडीत देताना घडणावळ परत मिळत नाही, हे आधीच धरून चाला.

लोहचुंबकावर भरवसा नको. तांबंही त्याला चिकटत नाही. जत्रेतलं 'जर्मन सिल्व्हर' तर नावापुरतं सिल्व्हर: तांबं, निकेल, जस्त, चांदीचा कणही नाही, आणि निकेलमुळे काहींच्या कानाला खाज सुटते.

दुकानात मी एकच परीक्षा करते: पैंजण ओढणीवरून उलटसुलट ओढायचं. धागा अडकला तर कुठलीतरी कडी नीट झाळलेली नाही. मग आकडा दहादा लावून काढायचा.

घुंगरू निखळलं तर झटपट चिकटणारा गोंद लावू नका. झाळताना तो जळतो आणि कारागिराला आधी तोच खरवडत बसावं लागतं. पडलेलं घुंगरू पुडीत बांधून पैंजणासोबतच न्या, नवं घुंगरू आवाजाला जुळत नाही.