मेंदूला भीती सोडायला कसं शिकवायचं?

कुत्रा चावला, लिफ्टमध्ये अडकलो, गाडीवरून पडलो, की पुढे कित्येक वर्षं नुसतं तसलं काही दिसलं तरी छातीत धडधडतं. हे काम अमिग्डालाचं, मेंदूतला बदामाएवढा भाग पण धोका लक्षात ठेवण्यात एकदम पक्का. लोक सांगतात "विसरून जा ना", पण मेंदू ती आठवण अशी सहज पुसत नाही. तो तिच्या शेजारी दुसरी आठवण तयार करतो, की यावेळी काही झालं नाही, आणि ती पक्की झाली की कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स अमिग्डालाला ब्रेक लावतो. म्हणजे आपल्याला ही दुसरी आठवण दणकट करायचीये, बस.

आधी एक सांगते, अत्याचार, मोठा अपघात असलं काही मागे असेल, किंवा पॅनिक अटॅक येत असतील तर हे घरी एकट्याने करू नका, थेरपिस्टसोबत करा. आणि जिथे खरंच धोका आहे तिथली भीती घालवायची नसते.

सुरुवातीला भीतीची एक लिस्ट करा आणि प्रत्येकीला 0 ते 100 मार्क द्या. कुत्र्याचा फोटो 20, बांधलेला कुत्रा लांबून बघणं 45, ओळखीच्या शांत कुत्र्याला हात लावणं 90, असं. सुरुवात खालच्या मार्कांपासून. 1924 मध्ये मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाबरोबर हेच केलं, तो आवडीचं खात असताना ससा हळूहळू जवळ आणत गेल्या आणि शेवटी पोरगा सशाशी खेळायला लागला.

आता सगळ्यात महत्त्वाची स्टेप, जी बहुतेक जण गाळतात. समोर जायच्या आधी कागदावर लिहा की नक्की काय होईल असं वाटतंय. "भीती वाटेल" असं नको, ते तर वाटणारच. "तो साखळी तोडून अंगावर येईल" असं स्पष्ट लिहा. मग तिथे थांबा, धडधड कमी होईपर्यंतच थांबायला हवं असं काही नाही, पण लिहिलेलं खोटं ठरेपर्यंत तरी थांबा आणि घरी येऊन लिहा की प्रत्यक्षात काय झालं. मेंदू शिकतो तो अंदाज चुकल्यावर, त्यामुळे अंदाजच नसेल तर चुकणार काय!

यात मधे येतात आपल्या कुबड्या. मोबाईलमध्ये डोकं घालणं, कुणाचा तरी हात घट्ट धरणं, मनात आकडे मोजत बसणं. सुरुवातीला चालेल, पण नंतर एकेक सोडा, नाहीतर मेंदू म्हणतो की मी वाचलो ते हात धरला होता म्हणून. पळून जाणं तर त्याहून वाईट, कारण लगेच बरं वाटतं आणि तेवढ्यानेच भीती अजून पक्की होते.

एक जागा जमली की जागा बदला. हिप्पोकॅम्पस हा मेंदूतला आठवणींचा भाग ही नवीन आठवण जागेशी, वेळेशी बांधून ठेवतो, म्हणून थेरपिस्टच्या खोलीत शांत असणारा माणूस रस्त्यावर परत घाबरतो. वेगळा कुत्रा, वेगळा रस्ता, सकाळ, संध्याकाळ, कधी एकटं कधी सोबत, सगळं मिसळून करा. आणि झोप नीट घ्या, आठवणी पक्क्या व्हायचं बरंचसं काम झोपेत होतं.

एवढं करूनही भीती परत येऊ शकते. पाव्हलोव या रशियन शास्त्रज्ञाला त्याच्या कुत्र्यांत हेच दिसलं होतं, घंटी वाजली की खाणं मिळतं हे शिकून ते लाळ गाळायचे, मग खाणं न देता घंटी वाजवत राहिल्यावर ते बंद झालेलं आणि थोडा वेळ गेल्यावर आपोआप परत सुरू. तेव्हा "सगळं वाया गेलं" म्हणत बसू नका, लिस्टमधल्या दोन पायऱ्या खाली या आणि तिथून परत करा, यावेळी सहसा लवकर जमतं.