जळगाव-धुळ्याकडचा ग्रुप घेऊन सर्फिंगला जायचं तर

आपल्याकडे समुद्र म्हटलं की आधी सुरतच आठवते. अमळनेर, नंदुरबारवरून ताप्ती लाइनची गाडी धरली की झालं, तापीमाय पण तिकडेच जाऊन मिळते. पण सर्फिंगसाठी सुरत विसरा भो. डुमसचं पाणी गढूळ, खंबातच्या आखातामुळे भरती-ओहोटीत कित्येक मीटरचा फरक, ओहोटीला पाणी लांब पळून जातं आणि मागे चिखल उरतो. सर्फिंगला लागते उघड्या समुद्रावरून लांबून आलेली आणि उथळ वाळूवर येऊन फुटणारी लाट, आणि ती शिकायला मुळकीसारखी जागा बघा. उडुपी आणि मंगळुरूच्या मधलं गाव, शांभवी नदी इथे समुद्राला मिळते, माडाच्या बागा, मच्छीमारांची घरं, बाकी फार काही नाही. मंत्रा सर्फ क्लब इथे २००४ पासून आहे, भारतातल्या सर्फिंगची सुरुवात बरीचशी इथूनच झाली. जवळच ससिहित्लूचा बीच आहे, तिथे स्पर्धाही झाल्यात. गोव्यातही शिकवणारे आहेत पण तिथे ग्रुप घेऊन गेलात की अर्धी मंडळी पाण्याऐवजी भलतीकडेच सापडतात, हे माझं मत.

जायला भुसावळ-जळगाववरून मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस (१२६१८) बरी, गाडी बदलायची कटकट नाही, धुळेकरांनी मनमाडला बसावं. कल्याण, पनवेल करत कोकण रेल्वेने उडुपीला उतरायचं, तिथून मुळकी साधारण ३० किमी. अख्खा दिवस गाडीत जातो म्हणून दशम्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी बांधून घ्या. रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं, आणि ग्रुपची तिकिटं एकाच माणसाने काढावी. "मी माझं बघतो" म्हणणारा शेवटी वेटिंगवर राहतो आणि मग सगळ्यांना त्याच्या बर्थची चिंता.

तारखा ठरवताना दोन कॅलेंडर जुळवायची, समुद्राचं आणि शेतीचं. जून ते सप्टेंबर पश्चिम किनारा खवळलेला असतो, तेव्हा शिकायला जायचा विचारच नको. ऑक्टोबर ते मार्च लाटा लहान, नवशिक्यांसाठी छान, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापूस वेचणी, त्यात रब्बीची पेरणी, केळीवाल्याला तर रात्रीच्या लाइटमुळे कधीच सुट्टी नाही. म्हणून जानेवारी शेवट ते फेब्रुवारी धरा, दहावी-बारावीचं पोरगं घरात असलेल्याला आधीच वगळा, नाही तर तो ऐनवेळी गळतो आणि त्याची कॉन्ट्री बाकीच्यांवर येते.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडचे बरेच जण विहिरीत पोहायला शिकलेले, वरून सूर मारायला एक नंबर, आणि त्यांना वाटतं आपल्याला पाणी येतं. विहिरीचं पाणी जागेवर असतं, समुद्राचं तुम्हाला उचलून नेतं, त्यामुळे असा पट्टीचा पोहणारा पण समुद्रात पहिल्या दिवशी नवशिक्याच. महिनाभर आधी सगळ्यांनी स्विमिंग पूलला जा (हतनूरच्या धरणात प्रॅक्टिस नको, गाळाचा अंदाज येत नाही) आणि न थांबता २०० मीटर पोहता येतं का, १० मिनिटं पाण्यावर नुसतं तरंगता येतं का ते बघा. ज्याला जमत नाही त्याने सांगून टाकावं, लाजायचं काय त्यात, कंबरेएवढ्या पाण्यात शिकवणाऱ्यासोबत त्यालाही मजा येते. घरी गच्चीवर चटई टाकून पॉप-अप (बोर्डवर झटक्यात उभं राहणं) करत राहा, म्हणजे पालथं झोपायचं, तळवे छातीशी, आणि एका झटक्यात दोन्ही पाय खाली आणून, अंग बाजूला वळवून, एक पाय पुढे एक मागे असं उभं राहायचं. गुडघा टेकवून उठायची सवय एकदा लागली की सुटत नाही.

शिकवणारा ठरवताना फोनवर विचारा की एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण, त्याच्याकडे आयएसएचं (इंटरनॅशनल सर्फिंग असोसिएशन) सर्टिफिकेट आहे का, आणि बोर्ड सॉफ्टटॉप, म्हणजे वरून मऊ फोमचे, आहेत का. नवशिक्याला आठ-नऊ फुटी फोमचाच बोर्ड पाहिजे, छोटा स्टायलिश बोर्ड मागणाऱ्याला गप्प बसवा. दहा जण असाल तर दोन बॅच करा, पाच पाण्यात आणि पाच काठावर, आणि काठावरच्या प्रत्येकाने पाण्यातला एक-एक माणूस वाटून घ्यायचा, मोबाईल बॅगेत. नाही तर सगळेच रील काढत बसतात आणि पाण्यात कोण कुठे गेलं ते कोणालाच माहीत नसतं.

पाण्यात सकाळी लवकर उतरा, दुपारी समुद्रावरून वारा सुटतो आणि लाटा विस्कटतात. लीश (बोर्ड पायाला जोडणारी दोरी) मागच्या पायाला बांधा. बोर्ड कधीच आपल्या आणि लाटेच्या मध्ये धरू नका, लाट तो थेट तोंडावर आणते. पडाल तेव्हा आडवे पसरून पडा, डोक्यावर हात ठेवूनच वर या. पहिले दिवस फुटलेल्या पांढऱ्या फेसातच खेळा. दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मधला पट्टा शांत, गडद दिसतोय तर तिकडे जायचं नाही, तो रिप करंट, म्हणजे समुद्रात आत ओढून नेणारा प्रवाह, असू शकतो. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे जोर लावू नका, दमून जाल, बोर्डवर पालथे पडा, हात वर करा आणि किनाऱ्याला समांतर सरका. बोर्ड सोडायचा नाही. आणि ओहोटीच्या वेळी नदीच्या मुखाजवळ तर अजिबात नको, नदी आणि समुद्र दोघंही बाहेरच ओढतात. मच्छीमार जाळं ओढत असले तर लांब राहा, किनारा त्यांचा रोजचा आहे, आणि आज पाणी कसंय हे त्यांना विचारा, तुळू-कन्नड येत नसलं तरी ते हाताने बरोबर सांगतात.

खायचं म्हणाल तर तिकडे उकडा तांदूळ, नारळाची आमटी, मासे. दोन दिवसांत कोणीतरी शेवभाजीची आठवण काढतोच, त्याच्यासाठी ठेचा राखून ठेवा. पण पाण्यात जायच्या आधी पोटभर जेवू नका, बोर्डवर पालथं झोपायचं असतं, मग कळतं.

परतीचं तिकीट शेवटच्या सेशनच्या दुसऱ्या दिवशीचं काढा, कपडे वाळायला वेळ लागतो. आणि अप्पर बर्थ जो पाण्यात उतरला नाही त्याला द्या, बाकीच्यांचे खांदे असे भरलेले असतात की वर चढणंच होत नाही.