गोव्यातील छोट्या व्यवसायासाठी पेमेंट सेवा कशी निवडावी

पेमेंट कंपन्यांची दरपत्रके पाहण्याआधी व्यावसायिकाने स्वतःची वही उघडावी. हंगामातील एक महिना आणि पावसाळ्यातील एक महिना निवडून त्यांतील जमा रोख, यूपीआय, डेबिट कार्ड, क्रेडिट कार्ड आणि परदेशी कार्ड अशी वेगळी काढावी, आणि सरासरी बिल किती रुपयांचे होते तेही लिहून ठेवावे. म्हापशाच्या बाजारात काजूगर विकणारे दुकान आणि कळंगुटचे पाच खोल्यांचे गेस्ट हाऊस यांची गरज सारखी नसते. पहिल्याचे काम बहुधा क्यूआर कोड आणि साऊंडबॉक्सवर भागते, तर दुसऱ्याला स्वाइप मशीन आणि आगाऊ आरक्षणासाठी पेमेंट लिंक या दोन्हींची गरज पडते.

त्यानंतर दर समजून घ्यावेत. बँक खात्यातून थेट होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर आणि रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याकडून एमडीआर, म्हणजे व्यवहारामागचे शुल्क, घेता येत नाही. इतर डेबिट कार्डांवर रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घातलेली आहे: वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल तर स्वाइप मशीनवर ०.४० टक्के आणि एका व्यवहाराला जास्तीत जास्त २०० रुपये, उलाढाल त्याहून अधिक असेल तर ०.९० टक्के आणि जास्तीत जास्त १,००० रुपये. क्रेडिट कार्डाला मात्र अशी मर्यादा नाही, त्यामुळे घासाघीस करायची ती इथेच. यूपीआयला जोडलेले क्रेडिट कार्ड आणि परदेशात दिलेले कार्ड यांचे दर वेगळे असतात. ते वेगळे विचारून लेखी घ्यावेत आणि परदेशी कार्डांची सुविधा आपल्या खात्यावर खरोखर सुरू केली आहे का, याचीही खात्री करून घ्यावी.

दर कळले की हिशेब संपूर्ण वर्षाचा मांडावा, आणि माझ्या मते निवडीचा खरा निकाल याच पायरीवर लागतो. समजा, पाहुण्याने ६,००० रुपयांचे बिल क्रेडिट कार्डाने भरले आणि दर २ टक्के आहे. तर १२० रुपये शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे २१ रुपये ६० पैसे, असे एकूण १४१ रुपये ६० पैसे कापले जातील. जीएसटी नोंदणी नसलेल्या व्यावसायिकाला त्या कराची वजावट मिळत नाही, म्हणून त्याने तो खर्चातच धरावा. आता मशीनचे भाडे महिना ३०० रुपये धरले, तर वर्षाचे ३,६०० रुपये होतात. जून ते सप्टेंबर या काळात महिन्याला जेमतेम १०,००० रुपये कार्डाने येत असतील, तर त्या महिन्यांत केवळ भाड्यापोटीच ३ टक्के जातात. म्हणून गोव्यातील हंगामी व्यवसायाने थोडा जास्त दर पण बिनभाड्याचे मशीन, किंवा पावसाळ्यात भाडे थांबवण्याची सोय, हे पर्याय आवर्जून मागावेत. शुल्काचा बोजा ग्राहकावर टाकून सुटका होईल असे मानू नये. डेबिट कार्डावरचा एमडीआर ग्राहकाकडून वसूल होऊ नये, अशी रिझर्व्ह बँकेची स्पष्ट सूचना आहे.

सेवा बँकेची नसून खासगी कंपनीची असेल, तर पेमेंट अॅग्रिगेटर (व्यापाऱ्यांच्या वतीने ग्राहकांचे पैसे स्वीकारून ते त्यांना पोहोचवणारी कंपनी) म्हणून तिला मिळालेली परवानगी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील यादीत तपासावी. ब्रँडचे नाव आणि कंपनीचे नोंदणीकृत नाव पुष्कळदा वेगळे असते, म्हणून यादीत शोधायचे ते करारावरचे नाव.

करार वाचताना चार गोष्टी पाहाव्यात: पैसे खात्यात कधी जमा होतात आणि रविवारी व सुट्टीच्या दिवशी काय होते, करार मुदतीआधी सोडल्यास दंड किती, अनामत परत कधी मिळते, आणि चार्जबॅक, म्हणजे ग्राहकाच्या तक्रारीवरून त्याच्या बँकेकडून पैसे परत घेण्याची मागणी, आल्यास पुरावा देण्यास किती दिवस मिळतात. खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी शेवटच्या मुद्द्यावर विशेष लक्ष द्यावे. आरक्षण रद्द झाल्यावर पाहुण्याने आपल्या बँकेकडे तक्रार केली, तर रद्द करण्याचे नियम त्याला आधी लेखी कळवले होते, हे दाखवण्याची जबाबदारी व्यावसायिकावर येते. परतावा दिल्यानंतर आधी कापलेले शुल्क परत मिळते की नाही, हेही विचारून ठेवावे.

मशीन ताब्यात घेण्याआधी ते आपल्याच गल्ल्यावर चालवून पाहावे, कारण पणजीच्या कार्यालयात झटपट चालणारे सिम सत्तरीतील गावात किंवा किनाऱ्यावरील शॅकमध्ये तसेच चालेल असे नाही. सिम बदलता येते का, वायफायवर चालते का आणि वीज गेल्यावर बॅटरी किती वेळ टिकते, हे त्याच वेळी पाहावे.

पॅन, बँक खात्याचा पुरावा, पंचायतीचा किंवा नगरपालिकेचा परवाना, खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआय नोंदणी आणि गेस्ट हाऊस असेल तर पर्यटन खात्याची नोंदणी, ही कागदपत्रे एकाच नावाने आणि पत्त्याने असावीत. त्यांतील तफावतीमुळे केवायसी अडकते. चवथीच्या आधी अर्ज केला, तर ऑक्टोबरमध्ये पर्यटक येऊ लागण्यापूर्वी अशा दुरुस्त्यांना वेळ मिळतो. सेवा सुरू झाल्यावर पहिला महिनाभर रोजच्या विक्रीची बेरीज, कापलेले शुल्क आणि खात्यात आलेली रक्कम ताडून पाहावी आणि लेखी दरापेक्षा जास्त कपात दिसताच कंपनीच्या नोडल (तक्रार निवारण) अधिकाऱ्याकडे ईमेलने तक्रार नोंदवावी.