जुना फ्लॅश घ्यावा की नवा? पैसे मोजण्याआधी या चुका टाळा

"मामा, फ्लॅशवरचं टेस्टचं बटण दाबलं की उडतोय, पण कॅमेऱ्याचं दाबलं की ढिम्म!" भाच्याचा फोन आला तेव्हा मी डीपी रोडवरच्या एका लॉनच्या दाराशी वरातीची वाट बघत उभा होतो. "सेल बदलून बघ," म्हटलं आणि फोन ठेवला. सेल नवेच होते.

रविवारी तो सगळं पिशवीत घालून घरीच आला. तीन हजारांत घेतलेला, वापरलेला मॅन्युअल फ्लॅश (उजेड किती ते हाताने ठरवायचं), दिसायला झकास. माझ्या कॅमेऱ्यावर चढवला, पहिल्याच फटक्यात उडाला. मग त्याच्या कॅमेऱ्याचा हॉट शू, म्हणजे फ्लॅश बसवायची वरची खाच, खिडकीपाशी नेऊन बघितला. मधोमध जो गोल चकचकीत ठिपका असतो, तो नव्हताच. तुटला नव्हता, झिजला नव्हता. कंपनीने बसवलाच नव्हता.

"आता उड" हा निरोप फ्लॅशला त्या ठिपक्यातून मिळतो. मॅन्युअल फ्लॅशला दुसरी कुठली भाषाच येत नाही. कॅननने १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू या स्वस्त मॉडेलांतून तो काढून टाकला. कॅननचे स्वतःचे ई-टीटीएल फ्लॅश (टीटीएल म्हणजे कॅमेराच लेन्समधून मोजून फ्लॅशचा उजेड ठरवतो) बाजूच्या बारीक ठिपक्यांतून बोलतात, त्यामुळे त्यांचं काही अडत नाही. गोडॉक्स कंपनीने आपल्या टीटीएल फ्लॅशना आणि ट्रिगरना (कॅमेऱ्यावर बसून दूरच्या फ्लॅशला इशारा देणाऱ्या डब्या) फर्मवेअरमधून, म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरमधून, ही सोय करून दिली. बाकी कुठलाही मॅन्युअल फ्लॅश या कॅमेऱ्यांवर ठेवला, तर तो नुसता शोभेला.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे "जुना की नवा" हा प्रश्न फ्लॅशकडे बघून सोडवणं. आधी आपल्या कॅमेऱ्याचा शू बघा.

उलट्या बाजूनेही हीच गंमत होते. कॅननचा ईएल-५ हा फ्लॅश ताज्या पिढीतला, पण तो फक्त नव्या मल्टी-फंक्शन शूवरच चालतो. हा शू २०२१मध्ये ईओएस आर३ या कॅमेऱ्यापासून आला. तुमच्याकडे ८०डी किंवा पहिला ईओएस आर असेल, तर ईएल-५ फुकट मिळाला तरी उपयोग नाही. त्याच कॅमेऱ्यांवर वीस वर्षांपूर्वीचा ५८०ईएक्स मात्र टीटीएलसकट चालतो. सोनीने २०१२मध्ये शूच बदलला. त्याआधीचे मिनोल्टा पद्धतीचे फ्लॅश सोनीच्या नव्या अल्फा कॅमेऱ्यांवर अडॅप्टरशिवाय बसतच नाहीत. निकॉनमध्ये जुन्या-नव्याची रेघ एसबी-८०० या फ्लॅशपाशी ओढा. तो २००३चा. त्याच्या आधीचा, फिल्मच्या काळातला एसबी-२८ डिजिटलवर उडतो, पण टीटीएल विसरा. ऑटो (फ्लॅश स्वतःच्या सेन्सरने उजेड मोजतो) किंवा मॅन्युअलवरच वापरावा लागतो. कॅननचे नाव 'ईझेड'ने संपणारे फ्लॅश डिजिटल बॉडीवर तर फक्त मॅन्युअलवर.

आणि पुण्याचा जुना बाजार! बुधवारी किंवा रविवारी तिकडे चक्कर मारली की कधीतरी फिल्मच्या जमान्यातला फ्लॅश चपला-स्क्रू ड्रायव्हरच्या शेजारी पडलेला दिसतो. मोह मलाही होतो. पण व्हिविटार २८३च्या सुरुवातीच्या नगांमध्ये शूला टेकणाऱ्या टोकांवर २०० व्होल्टच्या वर दाब असायचा. आजचे बरेच कॅमेरे तेवढा सोसतात, जुन्या डिजिटलपैकी काही नाही सोसत. आधी मल्टिमीटरने मोजा, मगच कॅमेऱ्यावर चढवा. आणि दुरुस्ती म्हणून घरी उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये ३००च्या आसपास व्होल्ट असतात आणि सेल काढल्यावरही ते तिथेच दबा धरून बसतात.

दुसरी चूक नावातल्या आकड्याला भुलण्याची. कॅननच्या ५८०चा गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) ५८ आणि ६००ईएक्स-आरटीचा ६०, म्हणून ६०० जास्त ताकदीचा, असं दुकानात सर्रास ऐकायला मिळतं. पण हे दोन आकडे फ्लॅशच्या डोक्याच्या वेगवेगळ्या झूमवर मोजलेले आहेत. ५८चा आकडा १०५ मिमीचा, ६०चा २०० मिमीचा. ६००सुद्धा १०५वर आणला की ५८च देतो. निकॉनमध्ये तर गणित उलटंच आहे: ३५ मिमीला एसबी-८००चा गाइड नंबर ३८, तर त्याच्यानंतर आलेल्या, अंगाने थोराड एसबी-९००चा ३४. शिवाय एसबी-९०० सलग मारला की तापून स्वतःला बंद करून घेतो. पुढच्या एसबी-९१०मध्ये तो बंद न पडता फक्त रिसायकल, म्हणजे पुन्हा भरायला लागणारा वेळ, लांबवतो. या जोडीत मी नव्याचेच पैसे देईन.

आणि कॅननचा ४३० की ५८०? ४३ आणि ५८ ऐकायला खूप वाटतं, हातात फरक पडतो तो एका स्टॉपहूनही (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) कमी. आयएसओ ४००चा ८०० केला की भरून निघतो.

मग नव्यात नवं काय? उजेड तोच आहे. बदललं ते फ्लॅशचं एकमेकांशी बोलणं. ५८०ईएक्स टूपर्यंतचे कॅनन आणि एसबी-९१०पर्यंतचे निकॉन दुसऱ्या फ्लॅशशी उजेडाच्या इशाऱ्यांनी बोलतात. सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या माजघरात ते छान चालतं. पांढऱ्या भिंती इशारा कोपऱ्यापर्यंत पोचवतात. तेच सकाळी अकराच्या उन्हात, लॉनवर, मांडवाच्या खांबामागे ठेवलेला फ्लॅश आंधळा होतो. २०१२च्या ६००ईएक्स-आरटीने रेडिओ आणला, ३० मीटरपर्यंत, मध्ये पडदा असो की मावशी. लग्नं मारणार असाल तर या एका गोष्टीसाठी नवं मॉडेल घ्या. वाढदिवस, घरची मुंज, गणपतीची आरास एवढंच असेल, फ्लॅश कॅमेऱ्यावरच राहणार असेल, तर रेडिओचे पैसे वाया.

दुसरा बदल बॅटरीचा, आणि इथे लोक डोळे झाकून नव्याच्या मागे लागतात. गोडॉक्सचा व्ही८६० टू आणि व्ही८६० थ्री शेजारी ठेवा. जुना एका चार्जवर फुल पॉवरचे ६५० फ्लॅश देतो असं कंपनी सांगते, नवा ४८०. नव्यात मॉडेलिंगचा दिवा आहे, टीटीएलवरून मॅन्युअलवर झटकन जाता येतं, पण आकडा कमी आहे. दोघांच्या बॅटऱ्या एकमेकांत बसतही नाहीत: टूला व्हीबी१८ लागते, थ्रीला व्हीबी२६. वापरलेला टू घेताना म्हणून आधी फुगलेली बॅटरी आहे का बघा, आणि नवी व्हीबी१८ मिळतेय का ते दुकानात विचारूनच पैसे द्या. पेन्सिल सेलवाल्या फ्लॅशचं हे एक सुख: तो कितीही म्हातारा होवो, त्याचं खाणं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. मात्र चांगले रिचार्जेबल निकेल सेल घ्या. दहा-वीस रुपयांचे साधे सेल फुल पॉवरला धापा टाकतात.

आता माझीच फजिती. काही वर्षांपूर्वी मी एक वापरलेला फ्लॅश घेतला, कोऱ्यासारखा. मालकाने कपाटात जपून ठेवलेला. दुकानात चार-पाच वेळा उडवला, सगळं व्यवस्थित. मी मारला होता १/१६ पॉवरवर, हे नंतर लक्षात आलं. मुंजीत मातृभोजन चाललेलं. आई बटूला घास भरवतेय, बाजूला आठ मुंजे पानावर बसलेले, वर जुन्या वाड्याचं सागवानी छत. बाउन्स मारला, म्हणजे उजेड छतावर आपटवून खाली आणला. पहिला फोटो बरा आला, पुढचे तीन काळे. तो बारीक शीळ घालत भरत राहिला, मी मनात आकडे मोजत राहिलो, रेडीचा दिवा बारा मोजल्यावर लागला. तोवर घास पोटात गेला होता.

त्यात दोन चुका होत्या. काळपट लाकडी छत उजेड गिळतं, तिथे बाउन्स मारायचाच नाही. मागच्या पांढऱ्या भिंतीवर किंवा सरळ छोट्या पांढऱ्या कार्डावर मारायचा. हा दोष कुठल्याच मॉडेलचा नाही. दुसरी चूक खरेदीची. वर्षानुवर्षं न वापरलेल्या फ्लॅशचा कपॅसिटर आळसावतो. कधी तो परत सुधारतो: ताजे सेल घालून अर्धा तास नुसता चालू ठेवायचा, मग थांबून थांबून फुल पॉवरला दहा-बारा वेळा उडवायचा. माझा सुधारला नाही.

तेव्हापासून वापरलेला फ्लॅश बघायला जाताना मी माझे चार चार्ज केलेले सेल आणि माझाच कॅमेरा नेतो. मॅन्युअल, फुल पॉवर, पांढरी भिंत, दहा फोटो, प्रत्येक वेळी रेडीचा दिवा लागू द्यायचा. दहाही सारखे आले पाहिजेत. भरायला पाच-सहा सेकंदांवर घेत असेल तर नमस्कार करून निघायचं. मग सेलचा कप्पा उघडून स्प्रिंगवर हिरवट-पांढरी पूड आहे का ते बघायचं. डोकं वर, डावीकडे, उजवीकडे फिरवत प्रत्येक ठिकाणी एकदा उडवायचं, कारण मानेतली वायर तुटलेली असेल तर ती ठराविक कोनातच दगा देते. पुढची काच पिवळी पडलेली किंवा ट्यूबची टोकं काळवंडलेली असतील तर फ्लॅशने बरीच लग्नं बघितली आहेत असं समजा.

घरी आल्यावर फोटोत खाली काळा पट्टा आला तर लगेच दुकानदाराला शिव्या नकोत. शटर १/२०० किंवा १/२५०च्या वर गेलंय, आणि हाय-स्पीड सिंक (वेगवान शटरलाही फ्लॅश चालवायची सोय) बंद आहे किंवा त्या मॉडेलात नाहीच. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर अजिबात उडत नसेल तर सायलेंट शटर चालू राहिलंय का बघा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

भाच्याने फ्लॅश परत केला नाही. त्या फ्लॅशच्या पोटात रेडिओ रिसीव्हर होता, हे त्याला विकणाऱ्यानेही सांगितलं नव्हतं. त्याच कंपनीचा, मधल्या ठिपक्यावाचून चालणारा ट्रिगर त्याने कॅमेऱ्यावर बसवला. परवा नारायण पेठेतल्या डोहाळजेवणात तो तीन हजारांचा फ्लॅश झोपाळ्यामागच्या स्टँडवर उभा होता, आणि पोरगा मलाच सांगत होता, "मामा, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय."