सस्पेन्शनचं काम घरी की गॅरेजमध्ये? या चुका टाळा

खड्ड्यातून जाताना पुढून ‘टक्’ आवाज आला की सगळ्यांचा पहिला संशय शॉकअपवर जातो. ते जोडीने बदलावे लागतात, खर्च मोठा होतो, आणि काम झाल्यावर पहिल्याच गतिरोधकावर तोच आवाज पुन्हा ऐकू येतो. दोष लिंक रॉड नावाच्या बोटभर जाडीच्या जोडदांडीत असतो. सस्पेन्शनच्या कामातला सर्वांत जास्त पैसा असा वाया जातो, मग पाना तुमच्या हातात असो की मेकॅनिकच्या.

म्हणून काम कोण करणार हे ठरवण्याआधी आवाज कधी येतो ते नीट ऐका. बारीक खडबडीत रस्त्यावर सावकाश जाताना खडखड होत असेल, तर बहुतेक वेळा लिंक रॉड किंवा स्टॅबिलायझर बारचे (वळणावर गाडी फार झुकू न देणाऱ्या दांडीचे) बुश, म्हणजे रबरी आधार, गेलेले असतात. ब्रेक दाबताना किंवा सोडताना एकच ‘धप्प’ आला, तर लोअर आर्मचे (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचे) बुश बघा. उभ्या गाडीचं स्टीअरिंग फिरवताना स्प्रिंग अडकून सुटल्यासारखी वाजली, तर स्ट्रटच्या (शॉकअप आणि स्प्रिंग मिळून झालेल्या खांबाच्या) वरच्या माउंटचं, म्हणजे बैठकीचं, बेअरिंग तपासा. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर बहुधा व्हील बेअरिंगची किंवा टायरची असते. तिच्यासाठी शॉकअप खोलू नका.

मग गाडी उचलून स्टँडवर ठेवा आणि चाक घड्याळातल्या 12 आणि 6 च्या जागी धरून हलवा. खेळ, म्हणजे सैलपणा, जाणवला तर बॉल जॉइंट (लोअर आर्मच्या टोकाचा गोळ्याचा सांधा) किंवा बेअरिंग. 3 आणि 9 च्या जागी धरून जाणवला तर बहुधा टाय रॉड (स्टीअरिंगची चाक वळवणारी दांडी). चाक एकाने हलवावं आणि नेमका कुठला सांधा हलतोय ते दुसऱ्याने टॉर्च घेऊन बघावं. शॉकअपवर पुसटशी तेलकट धूळ असेल तर तेवढ्यावरून तो गेला असं समजू नका. तेल ओघळून अंग ओलं झालं असेल, तर मात्र गेला. बोनेट दाबून गाडी किती डुलते ते बघण्याची जुनी पद्धत फक्त पार मेलेला शॉकअप पकडते, अर्धवट गेलेला नाही.

आता मुख्य मुद्दा, स्प्रिंग. बोनेट उघडलं की बऱ्याच गाड्यांत स्ट्रटच्या डोक्यावर कडेने दोन-तीन नट आणि मधोमध एक मोठा नट दिसतो. कडेचे नट स्ट्रटला गाडीशी धरून ठेवतात, मधला नट स्प्रिंगला कोंडून ठेवतो. स्ट्रट गाडीतून काढल्यावरही ती स्प्रिंग दाबलेलीच असते. ती स्प्रिंग कॉम्प्रेसरने (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या अवजाराने) आवळून घेण्याआधी मधला नट सोडला, तर वरचं माउंट गोळीसारखं उडतं. यात माणसं जबर जखमी झाली आहेत, जीवही गेले आहेत. कॉम्प्रेसर असला तरी त्याचे दोन्ही हूक स्प्रिंगच्या समोरासमोरच्या बाजूंना हवेत, आलटून पालटून थोडे थोडे आवळायला हवेत, आणि त्यावर इम्पॅक्ट गन (झटके देत नट फिरवणारं यंत्र) अजिबात नको. हे काम कधीच केलं नसेल, तर पहिला प्रयोग स्प्रिंगवर करू नका, असं मी कळकळीने सांगेन.

मधला रस्ता आहे, आणि तो फार कमी लोक वापरतात. स्ट्रट घरी उतरवा, गॅरेजमधून फक्त स्प्रिंग नव्या शॉकअपवर चढवून आणा आणि परत घरीच बसवा. किंवा स्प्रिंग-माउंटसकट जोडलेला तयार स्ट्रटच घ्या. बुश दाबून बसवायला प्रेस लागतो. तिथेही हाच मार्ग, नाहीतर बुश आणि बॉल जॉइंटसह अख्खा लोअर आर्म बदला. लिंक रॉड आणि स्टॅबिलायझरचे बुश मात्र घरी निर्धास्त करावेत. टॉर्शन बार (स्प्रिंगऐवजी पिळली जाणारी दांडी) आणि एअर सस्पेन्शन (हवेच्या फुग्यांवरचं) जाणकाराकडेच द्या.

घरी काम करताना होणारी सर्वांत फसवी चूक डोळ्यांना दिसत नाही. लोअर आर्म बसवला, चाक हवेत लोंबकळत असतानाच बुशचा बोल्ट पूर्ण घट्ट केला आणि गाडी खाली उतरवली. बहुतेक बुशमध्ये रबर आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं. त्यामुळे गाडी चाकांवर आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांतच चिरतं. लोक मग पार्ट डुप्लिकेट होता म्हणतात. बोल्ट हाताने लावा, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्या, मग टॉर्क रेंचने (किती जोर लागतोय ते मोजणाऱ्या पान्याने) कंपनीने दिलेल्या आकड्याप्रमाणे आवळा. लिफ्टवर काम करणाऱ्या गॅरेजमध्येही ही चूक होते, तेव्हा तिथे आधीच विचारा.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. ब्रेक कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) त्याच्या रबरी होजवर लटकू देऊ नका, तारेने बांधा. हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) बाहेर झुकवताना एबीएसची वायर ताणली जात नाही ना आणि ड्राइव्ह शाफ्ट (चाकाला फिरवणारा दांडा) ओढला जात नाही ना, ते बघा. शॉकअपचा चकचकीत दांडा पकडीने धरू नका. त्यावरचा एक ओरखडा सील फाडतो. नायलॉनचे लॉकनट पुन्हा वापरू नका. रबराला साधं ग्रीस लावू नका, रबर फुगतं.

गॅरेजमध्ये ‘पुढचं सगळंच बदलावं लागेल’ असं सांगितलं, तर कुठला सांधा किती हलतोय ते गाडीखाली नेऊन दाखवायला सांगा. खरोखर गेलेला बॉल जॉइंट हाताला कळतो. जुने पार्ट परत मागा.

स्ट्रट, लोअर आर्म किंवा टाय रॉडला हात लागला असेल, तर व्हील अलाइनमेंट करावंच लागतं; बोल्टवर खुणा करून तसंच बसवलं तरीही. नुसता लिंक रॉड बदलला असेल तर त्याची गरज नाही. आणि 50 ते 100 किलोमीटर झाल्यावर चाकांच्या नटांवर टॉर्क रेंच पुन्हा एकदा फिरवा.